घळ बुजवण्याआधी डिस्ट्रिक्टच्या कचेरीत जा

प्रश्न : सर, आम्ही अमेरिकेत आयोवा राज्यात 40 एकर जमीन घेऊन एका शेतकऱ्याला खंडाने दिली आहे. उतारावर दर वसंतात घळ पडते. तो नांगरून बुजवतो, पुढच्या वर्षी पुन्हा तीच. शेजारी म्हणतात, काउंटीच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) मृद व जलसंधारण डिस्ट्रिक्टकडे जा, ती माती-पाणी राखायला मदत करणारी स्थानिक सरकारी संस्था आहे. पण सरकारी माणूस बोलावून दंडच बसला तर?

उत्तर : बोलवा, याच आठवड्यात बोलवा. मदत मागणाऱ्याला तिथे दंड होत नाही. डिस्ट्रिक्टचा कारभार 5 कमिशनर बघतात. निवडून आलेले, बिनपगारी, तुमच्याच काउंटीतले.

मीही या भीतीपायी 3 वर्षं घालवली. घळ बुजवायला दोन्ही काठांची काळी माती ओढायचो. शेवटी डिस्ट्रिक्टच्या तंत्रज्ञ बाई आल्या आणि कुदळीने खणून दाखवलं : घळीपासून वीस पावलांवरही काळा थर जेमतेम वीतभर उरला होता. वाहून जायला माती मीच दरवर्षी पुरवत होतो! फार वाईट वाटलं.

त्यांनी उतार मोजून गवताची पाणवाट आखून दिली. रुंद, उथळ, ब्रोम गवत पेरलेली. पाणी आजही तिथूनच जातं, पण पसरून, सावकाश, आणि माती जागेवर राहते. पाणवाटेच्या कडेला समांतर ओळी मात्र पेरू नका, नाहीतर पाणी कडेनेच नवी घळ पाडतं.

कायद्याचं म्हणाल तर आयोवात तुमची माती शेजाऱ्याच्या जमिनीत जाऊन त्याचं नुकसान झालं आणि त्याने तक्रार केली, तर डिस्ट्रिक्ट धूप थांबवण्याचा आदेश काढू शकतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये हा कायदा वैध ठरवला. म्हणजे खरा धोका गप्प बसण्यात आहे.

ही रचना धुळीच्या वादळांच्या काळातली. 1937 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी राज्यपालांना अशी डिस्ट्रिक्ट स्थापण्यासाठी नमुना कायदा पाठवला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलिनात ब्राउन क्रीक हे पहिलं डिस्ट्रिक्ट झालं. आज देशभर सुमारे 3000 आहेत. कुठल्या उतारावर पाणी कसं धावतं हे वॉशिंग्टनमध्ये बसून कळत नाही, म्हणून निर्णय गावपातळीवर. मला हे फार मोलाचं वाटतं.

खर्चाचा काही भाग अनुदानातून मिळू शकतो, पण मंजुरीआधी काम सुरू केलंत तर तो हातचा जातो. जाताना खंडकऱ्यालाही सोबत न्या. पाणवाट ओलांडताना तणनाशकाचा फवारा बंद करणं आणि अवजार उचलणं त्याच्याच हातात आहे.