ख्रिस्ती माणसाने श्रीमंत होणं पाप आहे का?

तुम्ही विचारलंय की पगार वाढलाय, विजापूर रोडला मोठा फ्लॅट घ्यावा वाटतोय पण चर्चमधलं ऐकलेलं आठवून मन खातंय. मी पण सोलापूरचाच, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, म्हणून लिहितोय.

पैसा असणं पाप नाही. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 16 मधली लुदिया बघा, जांभळ्या कापडाचा धंदा करणारी बाई, म्हणजे आपल्या गावासारखी कापडवालीच, प्रेषित पौलाने तिला दुकान बंद कर असं कुठं सांगितलेलं नाही, उलट तो आणि त्याचे सोबती तिच्याच घरी उतरले. जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली, ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करतो म्हणाला, येशूने उरलेल्याचा हिशेब मागितला नाही. मार्क 10 मधल्या श्रीमंताला मात्र सगळं विकून दे म्हणाला आणि तो खिन्न होऊन गेला, त्याला पैसा सुटतच नव्हता.

मला सगळ्यात जास्त हलवतं ते याकोब 5:4, मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडतीय. सोलापुरात हे वाचलं की विडी वळणाऱ्या बायकाच डोळ्यासमोर येतात, हजार विड्यांमागे मजुरी, त्यात खराब म्हणून काढल्या की तेवढे पैसे गेले. दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, टाइमवर आणि घरकामाच्या मावशींचा पगार पंधरा तारखेला, याला मी तरी विश्वासू जगणं म्हणणार नाही.

आणि मलाखी 3:10 दाखवून दहा टक्के द्या, देव डबल देईल म्हणणाऱ्यांचे व्हिडिओ प्लीज बघू नका, ती गुंतवणूक झाली, दान नाही. आपल्या रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी, 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, ते काय डबल मिळेल म्हणून नव्हे. सगळ्यांना तसं जमणार नाही हे मान्य, पण त्यांची गीतं आपण चर्चमध्ये म्हणतो तर एवढं तरी आठवावं.

फ्लॅट घ्या, पण ईएमआय भरून दान द्यायला काहीच उरत नसेल तर एक खोली कमी घ्या. द्यायचे पैसे पगार आल्या आल्या बाजूला काढा, शेवटी उरेल ते देऊ म्हटलं की काहीच उरत नाही. तुमचा पगार वाढलाय तर मावशींचाही वाढवा. आणि रक्कम घरात सगळ्यांनी बसून ठरवा, एकट्याने ठरवलेलं दोन महिन्यात बंद पडतंय.