डब्याचे ॲप, रात्रीचे लाइव्ह आणि पदवीचे शेवटचे वर्ष

ऐरोलीचे एक पालक लिहितात : माझी मुलगी बी.एस्सी. आय.टी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरगुती डबे देणाऱ्या महिलांना गिऱ्हाइकांचे खाडे आणि महिन्याचे येणे मांडता यावे, यासाठी तिने मैत्रिणीसह एक मोबाइल ॲप तयार केले आहे. त्याच्या प्रसिद्धीसाठी ती आठवड्यातून तीनदा रात्री साडेनऊला इन्स्टाग्रामवर लाइव्ह येते. पन्नास-साठ जण पाहतात. ॲप घेणारे मात्र आतापर्यंत अकराच. आता एका कर्ज देणाऱ्या ॲपने त्याच लाइव्हमध्ये आपले नाव घेण्यासाठी पैसे देऊ केले आहेत. यात करिअर आहे का, की हे थांबवायला सांगू?

सप्रेम नमस्कार,

थांबवायला सांगू नका. मात्र ती आज जसे करते आहे तसेच करत राहिली, तर तिला ना ग्राहक मिळतील ना नोकरीत दाखवण्याजोगा अनुभव.

तिचे प्रेक्षक कोण आहेत, हे आधी पाहू. हजार फॉलोअर झाल्याशिवाय इन्स्टाग्राम आता लाइव्ह येऊ देत नाही, म्हणजे तेवढे तिने जमवले आहेत. पण त्यांत बहुतेक वर्गमित्र आणि नातेवाईक असावेत, आणि त्यांच्यापैकी कोणी डबे देत नाही. ज्या बाई ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांत दुपारचे डबे पोहोचवतात, त्या रात्री साडेनऊला संध्याकाळचे डबे घासून उद्याची भाजी निवडत असतात. त्यांना मोकळा वेळ मिळतो तो दुपारी अडीच ते चारच्या सुमारास. कॉलेज सांभाळून शनिवारी दुपारी एकच लाइव्ह केले, तर ते आताच्या तिन्हींपेक्षा उपयोगी पडेल. ते यूट्यूबवर केल्यास व्हिडिओ चॅनलवर राहतो आणि महिलांच्या व्हॉट्सॲप गटात पाठवता येतो; मोबाइलवरून लाइव्ह येण्यासाठी तिथे पन्नास सबस्क्रायबर पुरतात.

आता करिअरविषयी. लाइव्ह म्हणजे जाहिरात, असे तिने धरले आहे आणि तिथेच तिची गफलत होते आहे. तयार केलेल्या जाहिरातीत आपण बोलतो आणि समोरचा ऐकतो. लाइव्हमध्ये मात्र एखादी बाई मध्येच विचारते, ‘एका घरात दोन डबे जातात, त्यातल्या एकाचाच खाडा कसा मांडायचा?’ या प्रश्नाचे उत्तर ॲपमध्ये नसेल, तर तिथल्या तिथे कबूल करायचे, पुढच्या आठवड्यात तो बदल करायचा आणि त्याच बाईंसमोर चालवून दाखवायचा. विचारलेला प्रश्न, केलेला बदल आणि त्यानंतर ॲप वापरत राहिलेल्यांची संख्या, अशी वही तिने आजपासून ठेवावी. प्रत्येक लाइव्हसाठी वेगळी लिंक बनवली, तर कोणत्या दिवशी किती जण आले हेही गुगल प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या गुगलच्या पानावर, दिसते. प्रॉडक्ट किंवा ॲप मार्केटिंगच्या मुलाखतीत फॉलोअरच्या आकड्यापेक्षा मी या वहीवर अधिक विसंबेन.

प्रात्यक्षिक दाखवताना मात्र खऱ्या गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, नंबर पडद्यावर येता कामा नयेत. दुसरा फोन, खोटी नावे आणि बंद ठेवलेली नोटिफिकेशन, एवढे पथ्य पाळावे. भर लाइव्हमध्ये बँकेचा ओटीपी वर झळकणे ही काही विनोदाची गोष्ट नाही.

कर्जाच्या ॲपला माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, पैसे घेऊन केलेल्या शिफारशीचा उल्लेख लाइव्हमध्ये सतत आणि ठळक दिसत राहिला पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, महिनाअखेरीस येणे थकले म्हणून हैराण झालेल्या बाईला हिशेबाचे ॲप दाखवता दाखवता कर्ज सुचवणे मला पटत नाही, आणि तसे केल्यावर तिचा हिशेबावरचा विश्वासही उरणार नाही.

हे क्षेत्र टिकेल का, असे आपण विचारले नसले तरी ते मनात असणारच. २०१५ मध्ये मोबाइलवरच्या लाइव्हची हवा पेरिस्कोप या ॲपने केली आणि २०२१ मध्ये ते बंदही झाले. टिकटॉक आपल्याकडे २०२० मध्ये एका आदेशाने गेले. म्हणून ‘मी अमुक मंचावर लाइव्ह करते’ ही ओळख कच्ची आहे. वापरणाऱ्याची अडचण ऐकून ती ॲपमध्ये सोडवणे हे कौशल्य मंच बदलला तरी सोबत राहते, आणि त्यासाठी तिला येणारे प्रोग्रॅमिंग फार मोलाचे आहे. त्यामुळे पदवी अर्धवट सोडण्याचा विचार कोणी सुचवला, तर तो मुळीच मनावर घेऊ नये.

परीक्षेच्या आधीचे सहा आठवडे लाइव्ह बंद, एरवी शनिवारची दुपार तिची, असे तिच्याशी बोलून ठरवा. पहिल्या लाइव्हला आपल्या इमारतीत डबा देणाऱ्या बाईंनाच बोलवा आणि त्यांच्या हातात फोन देऊन मुलीला दहा मिनिटे गप्प बसायला सांगा.