एसडीएनमध्ये आरडीएफ, ऑन्टॉलॉजी वगैरेचा खरंच उपयोग होतो, की नुसतं प्रोजेक्टपुरतं?

तुम्ही विचारलंय, एसडीएनमध्ये (सॉफ्टवेअरनं हाकलेलं नेटवर्क) सगळ्या स्विचना हुकूम देणाऱ्या कंट्रोलरला सगळं नेटवर्क दिसतंच, मग त्यावर सिमँटिक वेबचा (माहितीचा अर्थ मशीनला कळेल अशी मांडणी; आरडीएफ, ऑन्टॉलॉजी त्यातलीच) डोलारा कशाला?

सगळं दिसतं हे अर्धंच खरं. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं नेटवर्क बघतो. दोन शेडमध्ये आम्ही दोन वेगळ्या वाटांनी फायबर टाकलंय. कंट्रोलर एलएलडीपीवरून (कोणता स्विच कोणाला जोडलाय ते ओळखायचा प्रोटोकॉल) दोन्ही लिंक ओळखतो, एक तुटली की ट्रॅफिक दुसरीवर वळवतो. झकास. मग मे महिन्यात भर दुपारी (इथलं ऊन तुम्हाला सांगायला नको) एक यूपीएस बसला आणि दोन्ही वाटा एकदम गेल्या. दोन्हींवरचे मधले स्विच त्याच यूपीएसवर होते! ओपनफ्लोला (कंट्रोलर आणि स्विच बोलतात तो प्रोटोकॉल) पोर्ट कळतो, प्लग कुठं खोचलाय ते कळत नाही.

बरं, ही माहिती इलेक्ट्रिशियनच्या वहीत होती. घोळ नावांचा. कंट्रोलर स्विचला ६४ बिटांच्या डेटापाथ आयडीनं ओळखतो, आमच्या एक्सेलमध्ये तोच 'शेड २ स्विच ३' आणि वहीत 'डाइंगजवळचा निळा डबा'. आरडीएफ कामाला येतं ते इथं. प्रत्येक वस्तूला एकच यूआरआय (वेबच्या पत्त्यासारखं नाव) द्यायचा आणि त्रोटक वाक्यं लिहीत जायचं: स्विच ३, वीज घेतो, यूपीएस २. स्पार्कल १.१ (आरडीएफला प्रश्न विचारायची भाषा, २०१३) मधल्या प्रॉपर्टी पाथनं मग 'या यूपीएसवर, थेट किंवा मधल्या बोर्डांवरून, कोण कोण लटकलंय?' हे एका ओळीत विचारता येतं. मध्ये बोर्ड किती, ते सांगावं लागत नाही.

ऑन्टॉलॉजी, म्हणजे या वस्तूंचा आणि त्यांच्या नात्यांचा ठरलेला शब्दसंग्रह, शून्यातून लिहू नका. ॲमस्टरडॅम विद्यापीठाची एनडीएल आहे, ओपन ग्रिड फोरमची २०१३ ची एनएमएल आहे. नोड, पोर्ट, लिंक हे शब्द तिथं तयार मिळतात. वीज आणि रॅक तेवढे तुम्ही जोडा.

माझे दोन दिवस कुठं गेले ते सांगतो. एखाद्या स्विचचा यूपीएस लिहायचा राहिला, तर आउल (ऑन्टॉलॉजी लिहायची भाषा) त्याला चूक मानत नाही. 'असेल कुठला तरी, अजून कळला नाही' असं धरून पुढं जातं. तपासणीला शॅकल (आरडीएफ माहिती अटींवर तपासायची भाषा, २०१७) घ्या आणि 'प्रत्येक स्विचला किमान एक वीजजोडणी' अशी अट घाला.

आणि रीझनरला (ऑन्टॉलॉजीवरून निष्कर्ष काढणारं सॉफ्टवेअर) पॅकेट-इनच्या वाटेत (स्विचला न उमगलेलं पॅकेट कंट्रोलरकडं जातं ती) उभं करू नका, पहिलंच पॅकेट ताटकळत बसेल. त्या आरडीएफ वाक्यांचा ग्राफ बाजूला ठेवून त्यावरून धोरण ठरवा, पॅकेट हाकायला स्विचमधलं फ्लो टेबल समर्थ आहे.

आमच्या ग्राफात लिंकची माहिती आपोआप भरते, विजेची अजून त्या वहीतूनच. इलेक्ट्रिशियन मामा प्लग बदलतात आणि सांगत नाहीत. त्यामुळं महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन मीच रॅकमागं वाकतो.