माणूस-चिंपांझी ९८.८ टक्के, माणूस-केळं ६० टक्के: डीएनएचे हे आकडे कसे काढतात, आणि प्रोग्रॅमिंग न येता ते स्वतः तपासता येतात का?

तपासता येतात. पैसे लागत नाहीत, प्रोग्रॅमिंगही लागत नाही. साधा लॅपटॉप, नोटपॅड आणि इंटरनेट असलं की तासाभराचं काम आहे. मात्र तुम्ही विचारलेले दोन्ही आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत. एक किलोत आहे, दुसरा लिटरमध्ये. त्यामुळे आधी ते आकडे कशाचे आहेत ते बघू, मग कृती सांगतो.

९८.८ हा आकडा २००५ साली चिंपांझीचा जिनोम (सगळ्या डीएनएचा क्रम) प्रसिद्ध झाला तेव्हाचा आहे. दोन्ही जिनोमचे जे भाग एकमेकांसमोर नीट बसले, तेवढ्यातली बदललेली अक्षरं मोजली (डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहितात). फरक १.२३ टक्के निघाला, एकूण सुमारे साडेतीन कोटी अक्षरं. आता 'जे भाग नीट बसले' हे शब्द परत वाचा. सुमारे ५० लाख ठिकाणी एकाच्या डीएनएत तुकडा जास्त आहे किंवा दुसऱ्याच्यातून गळालेला आहे, ते या आकड्यात नाहीत. ते धरले तर आणखी साधारण ३ टक्के फरक वाढतो. पोथीच्या दोन हस्तलिखित प्रती ताडताना शब्दांचे पाठभेद मोजले आणि गळालेली पानं सोडून दिली, तसं हे आहे. आकडा चुकीचा नाही, पण तो कशाचा आहे हे बातमीत कुणी लिहीत नाही.

केळ्याचा आकडा तर डीएनएच्या अक्षरांचा नाहीच. माणसाच्या साधारण ६० टक्के जीन्सना केळ्यात ओळखू येईल असा जोडीदार सापडतो, एवढाच त्याचा अर्थ. त्या जोड्यांमधली प्रोटीन्स सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास जुळतात. म्हणजे 'किती जीन्सना जोडीदार आहे' या मोजणीला 'डीएनए किती सारखा आहे' असं नाव देऊन टाकलं.

डीएनएच्या अक्षरांत केळ्याशी तुलना करायचीच म्हटलं तर गणितच आडवं येतं. अक्षरं चारच आहेत. त्यामुळे एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले दोन तुकडे समोरासमोर ठेवले तरी २५ टक्के अक्षरं योगायोगाने जुळतात. मध्ये गॅप (रिकाम्या जागा) घालायची मुभा दिली की सॉफ्टवेअर ओढूनताणून ४० ते ५० टक्क्यांपर्यंत नेतं. 'डीएनए ४५ टक्के जुळला' असा निकाल आला तर तो बहुतेक वेळा शून्यच समजा. प्रोटीनमध्ये अक्षरं २० असल्याने तिथे योगायोगाची पातळी बरीच खाली असते. म्हणून लांबच्या नात्याची तुलना नेहमी प्रोटीनवर करतात.

आता कृती. अख्खा जिनोम घेऊ नका. तीन अब्ज अक्षरांच्या दोन फाइल्स नोटपॅडमध्ये उघडणारसुद्धा नाहीत. मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) डीएनए घ्या, तो साडेसोळा हजार अक्षरांचा असतो.

एनसीबीआय या अमेरिकी सरकारी डेटाबेसच्या संकेतस्थळावर 'न्यूक्लिओटाइड' विभागात जा. नोंदीचे क्रमांक इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे: माणसासाठी एनसी_०१२९२०.१, चिंपांझीसाठी एनसी_००१६४३.१. पानावर उजवीकडे वर 'सेंड टू' दिसेल. त्यात फाइल आणि मग फास्टा (क्रम साध्या मजकुरात लिहायची पद्धत) निवडा. पहिली फाइल १६,५६९ अक्षरांची, दुसरी १६,५५४ अक्षरांची. या फाइल्स वर्डमध्ये उघडू नका, नोटपॅडच वापरा. वर्ड आपल्या मनाने फॉरमॅटिंग घालतो आणि पुढचं सॉफ्टवेअर अडखळतं.

नवशिक्यांची पहिली गफलत इथे होते. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए गोल असतो. बांगडीला सुरुवात नसते, तशी यालाही नसते. फाइलमध्ये लिहायचा म्हणून तो कुठेतरी कापावा लागतो. चिंपांझीची नोंद, बहुतेक प्राण्यांप्रमाणे, फेनिलअ‍ॅलनिनच्या टीआरएनए (प्रोटीन बनवायला मदत करणारा रेणू) जीनपासून सुरू होते: जी-टी-टी-टी-ए-टी-जी-टी-ए-जी-सी. माणसाची नोंद त्याच्या बरीच आधी, कंट्रोल रीजन या जीन नसलेल्या भागाच्या मध्यावर सुरू होते: जी-ए-टी-सी-ए-सी-ए-जी-जी. माणसाचा तोच टीआरएनए जीन ५७७ व्या अक्षरावर येतो. दोन्ही फाइल्स आहेत तशा दिल्या तर माणसाच्या सुरुवातीची ५७६ अक्षरं आणि चिंपांझीच्या शेवटची जवळजवळ तेवढीच अक्षरं लटकत राहतात. सारखेपणा पाच-सहा टक्क्यांनी उगाच घसरतो.

उपाय कात्री आणि डिंकाचा. फास्टा फाइलमध्ये पहिली ओळ नावाची असते, ती मोजायची नाही. त्याखालच्या प्रत्येक ओळीत ७० अक्षरं असतात. माणसाच्या फाइलमधल्या पहिल्या ८ ओळी पूर्ण (५६० अक्षरं) आणि नवव्या ओळीतली पहिली १६ अक्षरं कट करून फाइलच्या अगदी शेवटी चिकटवा. उरलेली नववी ओळ जी-टी-टी-टी-ए-टी-जी अशी सुरू व्हायला हवी. तसं नसेल तर एखाद्या अक्षराने हुकलंय, अनडू करून परत मोजा. ओळींची लांबी कमीजास्त झाली तरी बिघडत नाही. मध्ये रिकामी ओळ मात्र राहू देऊ नका.

एक गंमत सापडेल. माणसाच्या मूळ नोंदीत ३,१०७ व्या जागी ए, टी, जी, सी यांपैकी काहीच नाही, एन आहे. १९८१ साली केंब्रिजमध्ये हा क्रम पहिल्यांदा वाचला तेव्हा तिथे एक सी चुकून जास्त धरला गेला. १९९९ साली फेरतपासणीत चूक सापडली. पण ते अक्षर काढलं असतं तर पुढच्या सगळ्या जागांचे क्रमांक एकाने सरकले असते आणि तोवर छापलेले सगळे शोधनिबंध गोंधळले असते. म्हणून जागा अडवायला एन ठेवला. म्हणजे खरी अक्षरं १६,५६८. तुमच्या निकालात तिथे एक गॅप किंवा न जुळणारी जागा दिसली तर घाबरू नका.

आता ईबीआय या युरोपीय संस्थेच्या संकेतस्थळावर 'पेअरवाइज सिक्वेन्स अलाइनमेंट' मध्ये 'एम्बॉस स्ट्रेचर' हा दोन क्रम समोरासमोर बसवणारा प्रोग्रॅम उघडा. प्रकार डीएनए निवडा, दोन्ही क्रम दोन चौकटींत चिकटवा, बाकी सेटिंग आहे तसं राहू द्या. पुस्तकात वाचलेला 'नीडल' हा प्रोग्रॅम का नको? तो १९७० च्या नीडलमन-वुन्श पद्धतीने दोन्ही क्रमांचा पूर्ण तक्ता मेमरीत मांडतो. इथे तो तक्ता २७ कोटी चौकटींचा होईल. स्ट्रेचर तेच काम कमी मेमरीत करतो.

सारखेपणा ९१ टक्क्यांच्या आसपास येईल. ९८.८ कुठे गेले? मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए केंद्रकातल्या डीएनएपेक्षा कितीतरी वेगाने बदलतो, म्हणून तेच दोन प्राणी इथे जास्त लांब दिसतात. डीएनएचा कोणता भाग घेतला यावर आकडा असा बदलतो. निकालाच्या वरच्या भागात 'आयडेंटिटी' आणि 'गॅप्स' अशा दोन ओळी असतात, त्या दोन्ही वहीत लिहा. एम्बॉसची टक्केवारी गॅपसकट एकूण लांबीवर काढलेली असते. दुसरी काही सॉफ्टवेअर्स गॅप वगळून काढतात. दोघांचे निकाल शेजारी ठेवण्याआधी हे बघायलाच हवं.

शिवाय ९ टक्के जागा वेगळ्या दिसतात म्हणजे ९ टक्केच बदल झाले असंही नाही. एकाच जागी दोनदा बदल झाला तर आपल्याला एकच दिसतो किंवा एकही दिसत नाही. यासाठी ज्यूक्स-कँटरची दुरुस्ती वापरतात. दिसलेला फरक दशांशात घ्या, त्याला ४/३ ने गुणा, ते १ मधून वजा करा, उत्तराचा नैसर्गिक लॉग काढा आणि उणे ३/४ ने गुणा. ०.०९ चे ०.०९६ होतात, म्हणजे किरकोळ वाढ. पण ०.५ चे थेट ०.८२ होतात आणि ०.७५ ला सूत्र कोसळतं, कारण तिथे योगायोगाची २५ टक्क्यांची पातळी गाठलेली असते.

प्रोटीनचा प्रयोग याहून सोपा आणि जास्त बोलका आहे. युनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसवर सायटोक्रोम सी या प्रोटीनच्या चार नोंदी घ्या: पी९९९९९ माणूस, पी९९९९८ चिंपांझी, पी००००४ घोडा, पी०००४४ यीस्ट. चारही निवडून 'अलाइन' दाबा. माणूस आणि चिंपांझी यांच्यात एकही फरक दिसणार नाही. घोड्याशी १०४ पैकी १२ जागा वेगळ्या असतील. यीस्टशीसुद्धा निम्म्याहून जास्त जागा जुळतील. यीस्ट सोडून बाकी तिघांच्या नोंदीत १०५ अक्षरं दिसतील, कारण सुरुवातीचं मेथिओनिन पेशीत नंतर काढून टाकलं जातं, पण नोंदीत राहतं.

आता मुद्दाम एक चूक करून बघा. हिमोग्लोबिनची माणसाची अल्फा साखळी (पी६९९०५) आणि चिंपांझीची बीटा साखळी (पी६८८७३) जोडीने लावा. सारखेपणा निम्म्याहून कमी येईल. मग माणसाची बीटा (पी६८८७१) चिंपांझीच्या त्याच बीटाशी लावा. पूर्ण १०० टक्के. अल्फा आणि बीटा या एकाच जुन्या जीनच्या दोन प्रती आहेत आणि दोघींची वाट माणूस-चिंपांझीच्या फाट्याच्या कितीतरी आधी वेगळी झाली. चुकीची जोडी लावली तर तुम्ही प्राण्यांमधलं नव्हे, जीन्समधलं अंतर मोजता. नवख्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, कारण सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, निमूटपणे आकडा देतं. पडताळा दोन्ही बाजूंनी घ्या. माणसाच्या जीनचा चिंपांझीतला सर्वांत जवळचा जोडीदार शोधा, मग त्या जोडीदाराचा माणसातला शोधा. परत त्याच जीनवर आलात तर जोडी बहुधा बरोबर.

हा शोध ब्लास्टवर, म्हणजे डेटाबेसमध्ये जुळणारे क्रम शोधणाऱ्या एनसीबीआयच्या साधनावर, घ्यायचा. तिथे दोन-तीन सेटिंग कळीची आहेत. न्यूक्लिओटाइड ब्लास्ट मुळात मेगाब्लास्टवर असतं आणि ते आधी सलग २८ अक्षरं तंतोतंत जुळणारी जागा शोधतं. जवळच्या प्रजातीला ठीक आहे. लांबच्या प्रजातीत सलग २८ जुळणं अवघड, आणि तुम्हाला 'काही सापडलं नाही' असा निकाल येतो. तिथे खालचा 'ब्लास्टएन' पर्याय निवडा, तो ११ अक्षरांवर सुरुवात करतो. वनस्पती आणि प्राणी अशी तुलना असेल तर थेट ब्लास्टपी, म्हणजे प्रोटीन विरुद्ध प्रोटीन.

निकालाच्या तक्त्यात सगळ्यांची नजर आधी टक्केवारीवर जाते. आधी 'क्वेरी कव्हर' बघा. १०० टक्के जुळणी पण कव्हर ३ टक्के, म्हणजे तुमच्या क्रमाचा एक कोपरा जुळला. ई-व्हॅल्यू म्हणजे एवढ्या मोठ्या डेटाबेसमध्ये इतक्या चांगल्या जुळण्या निव्वळ योगायोगाने किती मिळतील तो अंदाज. डेटाबेस वाढला की तीच जुळणी जास्त ई-व्हॅल्यू दाखवते, म्हणून गेल्या वर्षीचा आणि आजचा आकडा तंतोतंत जुळला नाही तर नवल नाही. योगायोग किती सहज होतो याचा हिशेब घ्या: १५ अक्षरांचे वेगवेगळे क्रम सुमारे १०७ कोटी होतात आणि माणसाचा जिनोम सुमारे ३१० कोटी अक्षरांचा आहे. दोन्ही धागे धरले तर १५ अक्षरांचा कुठलाही तुकडा तिथे सरासरी पाच-सहा वेळा नुसत्या नशिबाने सापडेल.

मायटोकॉन्ड्रियाच्या जीनचं प्रोटीनमध्ये भाषांतर करणार असाल तर कोडचा तक्ता (डीएनएच्या कुठल्या तीन अक्षरांचं प्रोटीनमधलं कुठलं अक्षर, ते सांगणारा) बदला: पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसाठी तक्ता क्रमांक २, कीटकांसारख्यांसाठी ५. नेहमीच्या तक्त्यात टीजीए म्हणजे थांबा, मायटोकॉन्ड्रियात तो ट्रिप्टोफॅन. तक्ता १ तसाच ठेवला तर कॉक्स-१ जीनच्या मधोमध थांब्याच्या चांदण्या (*) दिसतात आणि माणूस उगाच वाचनातल्या चुका शोधत बसतो. मात्र तक्ता बरोबर असूनही चांदण्या आल्या तर संशय घ्या. मायटोकॉन्ड्रियाचे जुने तुकडे केंद्रकाच्या डीएनएत अडकून निकामी झालेले असतात. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीत) चुकून तेच उचलले गेले असतील.

डेटाबेसमधली नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. २०१५ साली टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याच्या सहाव्या हिश्शाएवढी जीन्स इतर जीवांकडून आली आहेत असा दावा छापून आला. त्याच प्रजातीवर काम करणाऱ्या एडिंबराच्या गटाने लगेच आपला क्रम ताडून पाहिला. त्या 'परक्या' जीन्सपैकी बहुतेक नमुन्यात मिसळलेल्या जिवाणूंची निघाली. प्राण्याच्या क्रमात जिवाणूशी ९८-९९ टक्के जुळणारा तुकडा दिसला तर उत्क्रांतीचा चमत्कार म्हणण्याआधी परीक्षानळी किती स्वच्छ होती ते विचारा.

प्रोजेक्टच्या वहीत नोंदीचा क्रमांक टिंबानंतरच्या अंकासकट लिहा, कारण तो आवृत्तीचा अंक आहे आणि नोंद सुधारली की बदलतो. सोबत सॉफ्टवेअरचं नाव, गॅपचे दंड (गॅप घातल्यावर किती गुण कापले जातात ते) आणि तारीख. स्ट्रेचरचा निकाल ९१ ऐवजी ८५ च्या आसपास आला तर आधी ती ५७६ अक्षरं शेवटी चिकटवलीत का ते बघा.