‘बर्गराइएन’ म्हणजे डोंगररांगा नव्हेत

सोळाव्या शतकातील जर्मन खाणकामगारांच्या धार्मिक गाण्यांविषयी वाचताना ‘बर्गराइएन’ या शब्दाचा ‘डोंगररांगा’ असा अर्थ आपल्याला आढळला, आणि त्याऐवजी ‘श्रमगीत’ म्हणावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत.

‘बर्ग’ म्हणजे डोंगर हे खरे. परंतु धातूच्या धंद्यात तोच शब्द खाणीसाठी येतो. ‘बर्गमान’ हा डोंगरात राहणारा माणूस नसून खाणकामगार असतो. योहानेस माथेझिउस या ल्यूथरपंथी पाळकाच्या १५६२ च्या प्रवचनसंग्रहाला ‘बर्गपोस्टिले’ म्हणतात, तो खाणकामगारांसाठी आहे म्हणून. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाला ‘बर्गप्रेडिश्ट’ म्हणतात, तेथे मात्र डोंगर खराखुरा आहे.

खरी फसगत ‘राइएन’मध्ये होते. रांग या अर्थाचा ‘राइए’ हा शब्द स्त्रीलिंगी असून त्याचे अनेकवचन ‘राइएन’ होते, तर आपला ‘राइएन’ पुल्लिंगी एकवचनी आहे. आज ‘राइगेन’ या रूपात उरलेला हा शब्द हातात हात घालून धरलेला फेर आणि त्या फेराचे गाणे या दोहोंसाठी वापरला जाई. माथेझिउसच्याच योआखिम्स्टाल गावात (येथल्या चांदीच्या नाण्यावरून आधी ‘टालर’ आणि पुढे ‘डॉलर’ हा शब्द निघाला) निकोलाउस हेरमान हा शिक्षक आणि चर्चमधील गायनप्रमुख होता. त्याने १५५४ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जीवनावर मुलींसाठी एक ‘आबेंटराइएन’, म्हणजे संध्याकाळचे फेरगीत, प्रसिद्ध केले. तेथे ‘संध्याकाळच्या रांगा’ असा अर्थ लावून पाहावा.

‘श्रमगीत’ या शब्दाबाबत माझा आक्षेप वेगळा आहे. जात्यावरची ओवी किंवा शेतातली भलरी कामाच्या लयीशी बांधलेली असते. ‘बर्गराइएन’ या नावातली लय मात्र नाचाची आहे, घणाची नव्हे. शिवाय १५३१ मध्ये झ्विकाउ येथे छापलेल्या बर्गराइएनांच्या संग्रहात धार्मिक गाण्यांबरोबर लौकिक गाणीही होती, आणि १५५१ मध्ये न्यूर्नबर्गला एरास्मुस रोटेनबुखर याने याच नावाखाली दोन आवाजांसाठी रचना छापल्या, यावरून हे एका गीतप्रकाराचेच नाव झाले होते असे दिसते.

म्हणून मी ‘खाणकऱ्यांचे फेरगीत’ असे लिहीन, आणि हेरमानसारख्यांच्या रचनांबद्दल बोलायचे असेल तेव्हा त्याला ‘भक्तिपर’ हे विशेषण जोडीन.