तुमचे प्रश्न: ‘डॉक्टर हू’चे हरवलेले भाग आणि टेपरेकॉर्डरवाली मुलं

प्रश्न: ताई, माझी मुलगी अकरावीत आहे, तिला ‘डॉक्टर हू’ या इंग्लिश मालिकेचं वेड लागलंय. मालिका बघते ते ठीक, पण हल्ली रात्री हेडफोन लावून 1960च्या दशकातल्या भागांचा नुसता आवाज ऐकत बसते, चित्रच नाही! विचारलं तर म्हणते चित्र बीबीसीनेच पुसून टाकलं. एवढी मोठी संस्था स्वतःचीच मालिका पुसेल का हो? आणि नुसतं ऐकण्यात काय मजा? काळजी करू का? – एक आई, चिपळूण

उत्तर: काळजी अजिबात करू नका, मुलगी सांगतेय ते शंभर टक्के खरं आहे.

काळात मागेपुढे फिरणाऱ्या ‘डॉक्टर’ची ही मालिका 23 नोव्हेंबर 1963 ला सुरू झाली आणि पहिल्या सहा वर्षांत, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटच्या काळात, तिचे 253 भाग झाले. तेव्हा व्हिडिओ टेप प्रचंड महाग, कलाकारांच्या युनियनशी झालेल्या करारांमुळे जुना भाग हवा तेव्हा परत दाखवता यायचा नाही, त्यात रंगीत टीव्ही आला, मग हे जुनं आता कोण बघणार म्हणून टेपा पुसल्या आणि त्यांच्यावर दुसरे कार्यक्रम भरले. परदेशी चॅनेलना विकायला फिल्मवर कॉपी काढल्या होत्या, त्यासुद्धा 1978 पर्यंत फेकल्या जात होत्या. लोक कधीतरी घरात कॅसेट लावून जुनी मालिका बघतील हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं. आजही नव्वदच्या वर भाग सापडलेले नाहीत.

पण आवाज मात्र एकूण एक भागाचा आहे! आणि तो वाचवला कुणी तर घरोघरच्या शाळकरी पोरांनी. शनिवारी संध्याकाळी मालिका लागली की ही मुलं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डरचा माइक धरून बसायची, एकाने तर टीव्हीच्या स्पीकरलाच वायर जोडून घेतली होती म्हणजे घरातला आवाज मध्ये यायला नको. त्यांना काय माहीत की आपण जे टेप करतोय ते जगात दुसरीकडे कुठे उरणारच नाहीये. त्यांना फक्त ती गोष्ट परत ऐकायची होती. तुमची मुलगी ऐकते ना, त्यातलं बरंचसं या मुलांचं रेकॉर्डिंग आहे, नंतर स्वच्छ केलेलं.

चित्रांचंही तसंच. जॉन क्युरा नावाचा एक फोटोग्राफर घरी टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून कलाकारांना आणि दिग्दर्शकांना विकायचा, एकेका भागाचे साठसत्तर फोटो. आता फॅन लोक ते फोटो आवाजाला जोडून अख्खा भाग उभा करतात. आणि मला सगळ्यात भारी वाटते ती ऑस्ट्रेलियाची गोष्ट, तिथल्या सेन्सॉरने मुलं घाबरतील म्हणून काही प्रसंग कापले होते, ते कापलेले तुकडे सरकारी दप्तरात पडून राहिले आणि 1996 मध्ये तिथल्याच दोन फॅननी ते शोधून काढले. म्हणजे काही भागांचं बाकी सगळं गेलं आणि दाखवू नका म्हटलेलं तेवढंच राहिलं!

अख्खे भागही सापडतात हं अधूनमधून. 1983 मध्ये लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरात दोन सापडले. 2013 मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात एका टीव्ही केंद्राच्या खोलीत धूळ खात पडलेले नऊ निघाले. ती बातमी आली त्या रात्री मी झोपले नव्हते, खरंच सांगते. त्यातली एक गोष्ट ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’, तिच्यात तेव्हा डॉक्टरचं काम करणाऱ्या पॅट्रिक ट्रॉटनचा डबल रोल आहे, हिरोही तोच आणि व्हिलनही तोच, आणि काय काम केलंय माणसाने! तोवर तिच्या सहापैकी एकच भाग उरला होता.

तेव्हा एक करा, एका रात्री हेडफोनचं एक टोक मागून घ्या आणि पाच मिनिटं तिच्याबरोबर ऐका. मालिकेची धून नीट ऐका, ती 1963 मध्ये डेलिया डर्बिशायर नावाच्या बाईने टेपचे तुकडे कापून, जोडून, वेग कमीजास्त करून सूर न् सूर बनवलीय, तेव्हा हाताशी सिंथेसायझर नव्हता.

प्रश्न: ताई, मला बघायला सुरुवात करायचीय पण साठ वर्षांचा पसारा बघून घाम फुटतो. पहिल्यापासून बघू का? – कॉलेजवाला, कोल्हापूर

उत्तर: नको रे. मालिका 1989 मध्ये बंद पडली होती, 2005 मध्ये रसेल टी डेव्हिस या माणसाने ती परत उभी केली, आणि तो स्वतः लहानपणापासूनचा फॅन. तिथून सुरू कर. तेवढाही धीर नसेल तर 2007 चा ‘ब्लिंक’ हा एकच भाग बघ, मागचंपुढचं काही माहीत नसलं तरी कळतो, फक्त नंतर दगडी पुतळ्यांकडे बघायची तुझी नजर बदलेल. तो आवडला नाही तर मला परत लिही, मी दुसरा सुचवेन, पण सोडू नकोस.

प्रश्न: या सगळ्यात आपल्याकडचं कुणी आहे का, की फक्त त्यांचं त्यांनाच कौतुक? – एक वाचक, ठाणे

उत्तर: आहे ना, आणि थेट पायाशीच आहे. पहिल्या गोष्टीचे दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा, तेव्हा वय चोवीस. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट, वय सत्तावीस. 1963 च्या बीबीसीत एक तरुण बाई आणि एक भारतीय वंशाचा तरुण मिळून नवी मालिका काढतायत, वरच्या लोकांचा फार विश्वास नाही, पहिला भाग तर पुन्हा शूट करावा लागला. आणि तो दाखवला त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झालेला! पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला परत दाखवला, मग कुठे लोकांना कळलं की असं काहीतरी सुरू झालंय.

याच हुसेन यांनी 1964 मध्ये ‘मार्को पोलो’ ही सात भागांची गोष्ट केली, त्यातला एक भाग सोडून सगळे त्यांचे. कुब्लाई खानचा दरबार, गोबीचं वाळवंट, सगळं स्टुडिओत उभं केलेलं, सेटवरचे काही रंगीत फोटो उरलेत ते बघून जीव हळहळतो, कारण त्या सातपैकी एकही भाग आज नाही. एकही नाही. पण आवाज आहे, सातही भागांचा, कुठल्यातरी घरात कुणीतरी माइक धरून बसलं होतं म्हणून. रात्री लाइट बंद करून वाळवंटातल्या वादळाचा प्रसंग ऐका.