उत्क्रांती मानणारा माणूस देवावर श्रद्धा ठेवू शकतो का?

माझ्या मते ठेवू शकतो. माणूस निस्सीम ईश्वरभक्त आणि उत्क्रांतिवादी एकाच वेळी असू शकतो, याविषयी शंका घेणेच डार्विनला निरर्थक वाटत होते. १८७९ मधील एका पत्रात त्याने तसे लिहिले आहे. आमच्या परभणीकडे तर उत्क्रांती पाहायला जीवाश्मही लागत नाहीत; बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीचे किडके बोंड उकलले की आत सरकी पोखरणारी गुलाबी बोंडअळी सापडते, कारण त्या विषाला दाद न देणाऱ्या मोजक्या अळ्या जगल्या आणि पुढे त्यांचीच वीण वाढली. हे डोळ्यांनी पाहणारा शेतकरी आषाढात पंढरीची वाट धरतोच. अडचण होते ती प्रत्येक जीव आज आहे तसाच एकदाच घडवला गेला, हे शब्दशः मानणाऱ्यांची.